एक बोट फट

इदवालचा फोन आला तेव्हा मी न्याहारीला बसले होते.
"खोलीभर धूर," म्हणाला, "आणि मेंढ्या हसतायत मला."
मेंढ्या हसत नाहीत. पण स्लेटच्या खाणीत
चाळीस वर्षं काढलेला माणूस
तक्रार सरळ करत नाही.

नोव्हेंबरात वेल्सचा डोंगर अर्धाच दिसतो.
व्हॅनमध्ये काठ्या, ब्रश, आणि बापाची जुनी चादर,
जी अंथरल्याशिवाय तो कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे.
तोंड काळं करण्याचा आमचा धंदा पिढीजात,
पण गालिचा काळा झाला तर पैसे नाहीत.

आधी आरसा. शेगडीच्या तोंडात तिरका धरला:
वर आकाश, नाण्याएवढं, स्वच्छ.
म्हणजे घरटं नाही.
गेल्या वर्षी निघालं होतं डोमकावळ्यांचं,
दोन पोती काटक्या, लोकर, निळी सुतळी
आणि चहाचा चांदीचा चमचा,
ज्यावरून तो एक अख्खा हिवाळा बायकोशी बोलला नव्हता.
चमचा सापडला तेव्हा माफी मागायला
घरात कुणी उरलं नव्हतं.

ब्रश फिरवला. अर्धी बादली काजळी,
कोरडी, भुसभुशीत. चमकते ती वाईट, डांबरासारखी;
ती पेटली की धुराडं इंजिनासारखं ओरडतं.
शेगडीच्या दारात पाच पाउंडाची नोट धरून दार लावलं,
ओढली. आली नाही. दोरी ठीक.
("नोट राहू दे तिथंच," इदवाल म्हणाला.)
दोन ओंडके एकमेकांवर आपटले: टण्ण.
ओले असते तर नुसतं थप्प.
दोन हिवाळे छपराखाली वाळलेलं लाकूड,
फोडल्याच्या तारखा खडूनं लिहिलेल्या.
माणूस चोख, लाकूड चोख, धुराडं चोख,
आणि कागद पेटवला तर
सगळा धूर आमच्याच तोंडावर.

मग विचारलं ते, जे बाप सगळ्यात शेवटी विचारायचा
आणि मी आधी विचारायला अजून शिकले नाही:
घरात नवीन काय?

त्यानं हनुवटीनं खिडक्या दाखवल्या.
लाउरीनं कार्डिफहून पैसे पाठवले,
ऐंशीव्या वाढदिवसाची भेट.
दुहेरी काच, रबराची कड.
आता पडदा हलत नाही. वारा शिट्टी घालायचा,
तीही बंद.

विस्तवाला लाकूड लागतं हे शेंबड्या पोरालाही कळतं.
त्याला श्वास लागतो. घरानं ओठ गच्च मिटले
की तो धुराड्याकडंच हवा मागतो,
वरून खाली,
आणि ती येते, धूर घेऊन.

मी खिडकी उघडली. एक बोट.
धूर थबकला, दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा,
मग काही आठवल्यासारखा वळला
आणि वर गेला.

"म्हणजे चार हजार पाउंड देऊन जे बंद केलं
ते आता फुकट उघडायचं?"
"भिंतीला भोक पाडायचं. तळहाताएवढं. वर जाळी."
"आणि पोरीला काय सांगू?"
एवढ्या लांब काठी माझ्याकडं नाही.
घरोघरी त्याच चुली; इथल्या फक्त ओतीव लोखंडाच्या.

भिंतीवरचा विषारी वायूचा अलार्म काढून पाहिला,
हाताला हलका लागला. बॅटरी रेडिओत होती.
रग्बीचा सामना चालू, दुसरा हाफ.
मी काढली, परत जागेवर बसवली.
अलार्म एकदा किंचाळला, रेडिओ मुका झाला.
इदवाल माझ्याकडं असा बघत राहिला
जसं काही मीच वेल्सला हरवलं.

बिलावर लिहिलं: झाडणी एक. भोक एक, बाकी.

वळणावर व्हॅन थांबवून मागं पाहिलं.
आधी जाड, पिवळट. मग राखाडी. मग
धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना.
चांगल्या विस्तवाचा धूर दिसत नाही.

खिडकी त्यानं तशीच ठेवली का, कळेना.
एक बोट फट
रस्त्यावरून दिसत नाही.